काटाकाटीआधी गुणाकाराचा अर्थ सांगावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या नातवाने ५/६ × ९/२० या उदाहरणाचे उत्तर ४५/१२० असे लिहिले आणि त्यावर तांबडी फुली पडली. अपेक्षित उत्तर ३/८ होते. अतिसंक्षिप्त रूप मागितले असेल, तर गुण कापणे योग्यच. परंतु ही एकाच संख्येची दोन रूपे आहेत, एवढे तरी फुलीशेजारी लिहायला हवे होते. आपला गुणाकारच चुकला, असा त्याचा समज झाला.

काटाकाटी म्हणजे अंश आणि छेद यांना एकाच संख्येने भागणे, हे न सांगता ती शिकवली, की पुढे (३+५)/(३+७) मधील दोन्ही तीनही बिनदिक्कत काटले जातात आणि ८/१० चे ५/७ होऊन बसतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) या संक्षेपाला ‘अपवर्तन’ म्हटले आहे. त्यात निदान काटण्याचा भास तरी नाही.

गुणाकाराने संख्या वाढते, हा दुसरा गैरसमज. अपूर्णांकांत गुणिले म्हणजे ‘चा’. पावाचा अर्धा तो अदपाव, हे जुन्या मापांत रुळलेल्यांना शिकवावे लागत नसे. (गोव्यातील मुलांना पाव म्हटले की पोदेर (पाववाला) आठवतो, ही अडचण मला मान्य आहे.) त्यापेक्षा आपल्याकडील, म्हणजे गोव्यातील, वारसाहक्काचे उदाहरण घ्यावे. सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने विवाह झालेला गृहस्थ मृत्युपत्र न करता वारला, तर निम्मी मालमत्ता मुळातच पत्नीची असते आणि उरलेली निम्मी मुलांत समान वाटली जाते; मुले तीन असल्यास प्रत्येकाला अर्ध्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे १/२ × १/३ = १/६. भाट (माडांची बागायत) ९६० चौरस मीटरचे असेल, तर एकेकाच्या वाट्याला १६० चौरस मीटर येतात. गुणूनही हिस्सा लहान का झाला, हे मग कोणी विचारत नाही.

नातवाला मी सहा स्तंभ आणि वीस ओळींचा चौकटीचा कागद दिला. पाच स्तंभ आणि नऊ ओळी या दोन्हींत येणारी घरे त्याने रंगवली, ती १२० पैकी ४५ भरली. नंतर पंधरा-पंधरा घरांचे गट पाडले, तेव्हा एकूण आठ झाले आणि त्यांतील तीन रंगीत निघाले. फुली मारलेले उत्तर त्याने स्वतःच पुन्हा वहीत लिहिले आणि त्यापुढे बरोबरचे चिन्ह काढून ३/८ मांडले.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, डिचोली