सूचना : शनिवारची भाकरी-चादर सेवा

प्रिय मंडळी, प्रभूमध्ये सलाम.

५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-विधवांना सोबत घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. त्यामानाने आपलं काम लहानच.

त्या आठवड्यातल्या शनिवारी संध्याकाळी सहाला सरकारी दवाखान्याच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांना पिठलं-भाकरी द्यायची आहे. ही माणसं रात्री जिन्याखाली वर्तमानपत्र अंथरून झोपतात, म्हणून धुतलेल्या चादरीही आणाव्यात. फाटक्या नकोत, मागच्या खेपेच्या काही तर आपण स्वतः पांघरल्या नसत्या. भाकऱ्या चारपर्यंत चर्चमध्ये पोचवा.

वाटताना फोटो काढू नयेत, जात-धर्म विचारू नये. प्रार्थना कुणी मागितली तरच करावी.

– सेवा समिती