बिनपगारी दिवसांसाठी निधी : गावकरी आणि चाकरमानी मंडळींना आवाहन

सप्रेम नमस्कार,

दरवर्षी गणपतीच्या तोंडावर ग्रंथालयाचं पत्र येतं ते पुस्तकांच्या वर्गणीसाठी. यंदाचं कारण वेगळं आहे, नोकरी करून शिकणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मागतोय, म्हणून पत्र थोडं लांबलंय. चहा घेऊन वाचायला बसा.

स्पर्धा परीक्षांची पोरं रात्री साडेआठला अभ्यासिकेतून उठली की दुसरी पाळी सुरू होते. सहा जण येतात. तिघं समुदाय आरोग्य अधिकारी, दोघी स्टाफ नर्स, एक लॅब टेक्निशियन. दिवसभर उपकेंद्रात नाहीतर रुग्णालयात ड्युटी, आणि रात्री पदव्युत्तर अभ्यास. कुणी सार्वजनिक आरोग्य घेतलंय, कुणी एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्य, कुणी रुग्णालय व्यवस्थापनाची पदविका. दोघी नर्सना खरं तर एम.एस्सी. नर्सिंग करायचं होतं. पण तो अभ्यासक्रम दोन वर्षं पूर्णवेळ, घरबसल्या होत नाही. नोकरी सोडली तर घराचा हप्ता कोण भरणार? त्यांनी दुसरी वाट धरली. त्यातली एक रात्रपाळी संपवून थेट येते आणि आधी अर्धा तास टेबलावर डोकं ठेवून झोपते. तिला उठवायचं नाही, असा अभ्यासिकेचा अलिखित नियमच झालाय.

हे सगळे राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी. अभियानाचा पैसा ६० टक्के केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. यातला एक हप्ता अडला की पगार लांबतो, आणि पगारापाठोपाठ प्रवासभत्ता, प्रशिक्षण हेही लांबतं. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांना आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपये ठरवून दिले होते, त्या पैशाचीही मुदत २०२५-२६ पर्यंतच होती. दहा वर्षांपेक्षा जास्त सेवा झालेल्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला, आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून याच लोकांना ऑगस्ट २०२५ मध्ये, ऐन गणपतीत, संपावर बसावं लागलं. त्या वादात ग्रंथालय पडत नाही. मात्र हात आखडला जातो तेव्हा शिकणाऱ्याचाच पैसा आधी कापला जातो, हे आम्ही या सहा टेबलांवर रोज बघतो.

फीसाठी मदत मागतोय असं तुम्हाला वाटेल. फीचं होतं काहीतरी. मामा देतो, पतसंस्था देते, नाहीतर गळ्यातलं मोडतात. गाडी अडते ती सुट्टीपाशी. कायम नोकरीतल्याला अभ्यासरजा मागता तरी येते. कंत्राटी माणसाला ती नाही. संपर्कसत्र, प्रात्यक्षिक, क्षेत्रकार्य, परीक्षा मिळून वर्षाला साधारण वीस दिवस लागतात. किरकोळ रजा सणवार आणि पोराच्या तापातच संपते. मग बिनपगारी. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं ठरलेलं मानधन २५ हजार. कामगिरीवर मिळणारे १५ हजारांपर्यंतचे पैसे वेगळे. वीस दिवस बिनपगारी म्हणजे महिन्याचा किराणा, हप्ता आणि शाळेची फी, सगळंच कोलमडतं.

गेल्या वर्षी सातव्या टेबलावरही एक जण बसायचा. फी भरलेली, पहिलं वर्ष पास. दुसऱ्या वर्षाची बारा दिवसांची प्रात्यक्षिकं नेमकी तापाच्या सर्वेक्षणात आली, रजा मिळाली नाही, आणि बिनपगारी राहायला घरून नकार आला. शिक्षण तिथेच सुटलं. आम्ही त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता. शालीऐवजी बारा दिवसांचा पगार दिला असता तर? ही आमचीच चूक, म्हणून हे पत्र.

गावाला याचं काय, असंही कुणी विचारेल. माकडताप आठवा. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली सापडलेला हा आजार आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आला आणि दुसऱ्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याकडे. माकडं मरायची, मागोमाग काजूच्या बागेत राबणारी आणि पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करणारी माणसं तापाने पडायची. हा ताप गोचीड चावल्याने येतो हे कळायलाच वेळ गेला. अभ्यासिकेतल्या एका ताईंचा प्रबंध याच विषयावर आहे: बागेत जाण्याआधी अंगाला लावायचं तेल मजूर खरंच लावतात का, आणि लावत नसतील तर का नाही. रविवारी त्या बागा फिरतात. एका आजीने त्यांना सांगितलं, ‘तेलाचो वास काजूक लागता, मालक ओरडता.’ मुंबई-पुण्याच्या कुठल्या तज्ज्ञाला हे कळलं असतं? आणि अडचण अशी की माकडतापाचा हंगाम हिवाळ्यापासून पावसापर्यंत, म्हणजे बागा फिरायच्या दिवसांतच उपकेंद्रावर सगळ्यात जास्त काम. जून उजाडला की लेप्टोची, म्हणजे पावसाळ्यातल्या लेप्टोस्पायरोसिस तापाची तयारी, आणि इग्नू या मुक्त विद्यापीठाची परीक्षाही जूनमध्येच!

आपल्याकडे रात्री काही गंभीर झालं की गाडी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाकडे धावते. गाडीत बसवण्याआधीची पंधरा मिनिटं मात्र याच सहा जणांच्या हातात असतात.

हिशेब साधा आहे. सहा जण, प्रत्येकी २० दिवस, एका दिवसाचे ८०० रुपये: ९६,००० रुपये. आणखी ४,००० इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी, कारण वीज गेली की अभ्यासिका मेणबत्तीवर येते. एकूण एक लाख. आमचं ग्रंथालय ‘ड’ वर्गातलं, म्हणजे सगळ्यात खालच्या. शासनाचं अनुदान ग्रंथपालाच्या मानधनात आणि पुस्तकांत संपतं, आणि ते या कामाला वापरताही येत नाही. म्हणून निधीचं खातं वेगळं ठेवलंय. बिनपगारी दिवसाची नोंद दाखवली की त्या दिवसाचे पैसे मिळतील. उसने नाहीत, परत मागणार नाही. एकच अट: शिक्षण संपल्यावर वर्षभर महिन्यातून एक रविवार अभ्यासिकेत बसून पुढच्या पोरांच्या शंका सोडवायच्या. ही अट त्यांनीच सुचवली.

एक दिवस द्या, ८०० रुपये. जमलं तर पाच द्या. दोघांनी मिळून एक दिवस दिला तरी तो घेऊ.

पैशांशिवायही करण्यासारखं बरंच आहे. कोल्हापूर, पणजी किंवा मुंबईत परीक्षेच्या दिवसांत दोन-चार रात्री राहायला जागा देऊ शकणाऱ्यांनी नाव कळवा. परळ-लालबागच्या मंडळींकडे आमचं विशेष लक्ष आहे. जुना पण चालू लॅपटॉप चालेल. आणि संख्याशास्त्र शिकवणारे कुणी निवृत्त गुरुजी असतील तर त्यांना आम्ही स्वतः गाडीवरून आणू-पोहोचवू, कारण सहाही जणांची दांडी तिथेच गुल होते.

रोख रक्कम ग्रंथालयात सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत ग्रंथपालांकडेच द्यावी. यूपीआयचा फलक काउंटरवर आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कुठल्याही क्रमांकावर पैसे पाठवू नका. पावती मागून घ्या. देणगीवरची आयकराची ८०-जीची सवलत आमच्याकडे नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. देणगीदारांची नावं फलकावर लागतील, ज्यांना नको असेल त्यांनी पावतीवर ‘गावकरी’ लिहायला सांगावं. शिकणाऱ्यांची नावं मात्र लावणार नाही.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ वाजता अभ्यासिकेत जमाखर्च वाचून दाखवू. मुंबईची गाडी रात्रीची असेल तर थांबा, चहा आमच्याकडे.

आपले,
कार्यकारी मंडळ, ग्रंथालय व अभ्यासिका