ट्रॅक्टरचा दिवा, बोटीचा बझर

ऑकलंड,
१४ डिसेंबर

ती. भाऊंना सा. नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही बोलता बोलता म्हणालात, ट्रॅक्टरचा ऑइलचा लाल दिवा मधूनच लागतो आणि आपोआप विझतो, आणि गॅरेजवाला म्हणतोय की सेंसरची वायर काढून टाकू, कटकट मिटेल. पुढचं बोलणं होण्याआधी फोन कटला. भाऊ, ती वायर काढू देऊ नका. केळी कापणी चालू आहे, सावद्यापर्यंत भरलेली ट्रॉली ओढायची आहे. अशा वेळी इंजिन जाम झालं तर क्रँकपासून सगळं उघडावं लागेल.

गेल्याच आठवड्यात मी असंच एक काम केलं, म्हणून सविस्तर लिहितोय. इथे आता उन्हाळा लागलाय, लोक हौशीच्या बोटी बाहेर काढतात. वेस्टहेवन मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, एका वयस्कर नवरा-बायकोची शिडाची बोट आहे. शिडाची असली तरी धक्क्यातून आत-बाहेर करायला आणि वारा पडला की घरी यायला आत छोटं डिझेल इंजिन असतं. त्यांची तक्रार अशी, की रंगितोतो बेटाजवळच्या खाडीतून जाताना, शेजारून फेरीबोट गेली की इंजिनाचा बझर वाजतो, दोन क्षण किंचाळतो आणि गप्प. धक्क्यावर आल्यावर कितीही चालवा, वाजत नाही. कंटाळून काकांनी बझरवर फडकं कोंबलं होतं. बाई मला हळूच म्हणाल्या, आता मला त्या इंजिनावर समुद्रात जायची भीती वाटते. मला त्यांचंच बरोबर वाटलं. तिथे इंजिन बंद पडलं तर ओहोटीचं पाणी बोटीला खडकाकडे ओढत नेतं, रस्त्याच्या कडेला उभं राहून मिस्त्रीची वाट बघता येत नाही.

बझर एकच असतो, पण त्याला वाजवणारे दोन-तीन जण. ऑइलच्या दाबाचा स्विच दाब नसला की जुळलेला असतो, दाब आला की सुटतो. म्हणून चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधी दिवा लागतो. पाण्याच्या तापमानाचा स्विच उलटा, पाणी ९५ अंशांच्या आसपास गेलं की जुळतो. दोघांनाही एकेकच वायर, परतीचा रस्ता इंजिनाच्या बॉडीतून. म्हणजे त्या वायरीचं उघडं तांबं कुठेही बॉडीला टेकलं, तरी बझर वाजणार.

पण वायरच असेल असं धरून चालणं मला पटत नाही. बोटीचं इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होतं. तळाच्या भोकावर शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी चिकटली, पंपातल्या रबरी इम्पेलरचं (पाणी ढकलणाऱ्या चाकाचं) पातं तुटलं, तर खरोखरच इंजिन तापतं, आणि पिशवी सुटून गेली की परत ठीक. म्हणून आधी समुद्राचं पाणी गाळणारी जाळी उघडली, इम्पेलर काढून पाहिला, सायलेन्सरच्या नळीतून पाणी नीट पडतंय का ते बघितलं. सगळं चांगलं होतं.

खरी अडचण अशी, की बझर वाजतो तेव्हा कोणता दिवा लागला हे काकांना सांगता येत नव्हतं. उन्हात तो इवलासा दिवा दिसतच नाही. मी पॅनेलसमोर मोबाईल चिकटवून व्हिडिओ चालू ठेवला आणि त्यांना घेऊन खाडीत गेलो. फेरीची लाट आली, बझर वाजला. व्हिडिओ हळू करून पाहिला तर तापमानाचा दिवा नुसता फडफडत होता. इथे मला धागा सापडला. पाणी डोळ्याचं पातं लवेपर्यंत तापून परत निवत नाही. तापमान मोजायच्या गनने थर्मोस्टॅटजवळ पाहिलं, ८० च्या आसपास. मग स्विचवरची वायर काढून बाजूला धरली आणि पुन्हा लाटेत गेलो. तरीही बझर वाजला! म्हणजे स्विच निर्दोष, वायर मध्येच कुठेतरी बॉडीला लागत होती.

अल्टरनेटरच्या मागे, एका पत्र्याच्या कडेवर ती घासून सोललेली निघाली. लाटेने बोट हेलकावली की टेकायची, धक्क्यावर शांत पाण्यात अधांतरी राहायची. नवीन कल्हईची तार घातली (साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं), क्लिपांनी त्या कडेपासून लांब बांधली, पॅनेलचा प्लगही साफ केला. बझरवरचं फडकं मी स्वतः काढलं आणि चावी फिरवून दोघांना तो वाजताना ऐकवला. बाई हसल्या तेव्हा मला मजुरीपेक्षा त्याचंच बरं वाटलं.

आता ट्रॅक्टरचं. तुमचा दिवा ऑइलचा आहे, आणि ऑइलचा दाब मात्र क्षणात पडू शकतो, म्हणून माझा वरचा तर्क जसाच्या तसा लावू नका. आधी ट्रॅक्टर सपाटीवर उभा करून ऑइलची पट्टी बघा. कमी असेल तर उतारावर, खड्ड्यात दिवा लागू शकतो. पातळी उलट वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय, तो ट्रॅक्टर चालवूच नका. मग दिवा कधी लागतो ते नीट पाहा. इंजिन तापल्यावर, रेस कमी केल्यावर लागत असेल तर दाब खरंच पडत असेल. सेंसर काढून त्याच जागी काट्याचं गेज लावून दाब मोजून घ्या, हे काम कोणताही चांगला डिझेल मिस्त्री करून देईल. नुसत्या धक्क्यांनी लागत असेल आणि गेज स्थिर असेल, तर वायर तपासा. आणि रोज सकाळी चावी फिरवल्यावर दिवा लागतो की नाही ते बघत जा. नाही लागला तर बल्ब गेलाय किंवा कोणीतरी वायर काढून ठेवलीय.

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर सारखा ट्रिप व्हायला लागला होता, तेव्हा जास्त भार आला की मोटार बंद करणारा रिले बांधून निकामी करायला अण्णांनी साफ नकार दिला होता, आठवतं ना? मोटार जळण्यापासून त्यानेच वाचली.

डॅशबोर्डचा व्हिडिओ काढून पाठवा, इंजिन गरम असताना आणि रेस कमी-जास्त करून. तुमच्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इथे रात्रीचे अडीच, म्हणून सकाळी लवकर फोन करा. तोपर्यंत ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लावलीत तर फार बरं, भाड्याचे पैसे मी पाठवतो. आई-अण्णांना आणि वहिनींना नमस्कार, पोरांना खूप आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा