माझी भिंत वाजवून पाहिलीत म्हणून

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

शेजारचं काम आटोपून तुम्ही निघाला होतात. हातपाय धुऊन झाले होते, अवजारांची पिशवी खांद्याला लागली होती. मी दारातूनच हाक मारली, "काका, दोन मिनिटं बघता का जरा?" त्या दोन मिनिटांचा तास झाला, आणि तुम्ही एकदाही घड्याळाकडे बघितलं नाहीत. तेव्हा गडबडीत आभार मानायचे राहिले, म्हणून हे पत्र. माझ्यासारखं कुणी टाइल्सची खोकी उघडून बसलं असेल, तर त्यांनीही वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

खरं सांगू? मला शाबासकी हवी होती. टाइल्स लावायच्या म्हणून ओट्यामागची भिंत मी साबण लावून घासली होती. फोडणीचा वर्षानुवर्षांचा चिकटा निघाला होता, ऑइल पेंट लखलखत होता. तुम्ही एक शब्द न बोलता ओंजळभर पाणी भिंतीवर मारलंत. अळवावरून घरंगळावं तसं ते खाली आलं. "ताई, जी भिंत पाणी पीत नाही, ती सिमेंटचा मसाला काय धरणार? टाइल रंगाला चिकटेल. उद्या रंग सुटला की टाइलला घेऊनच खाली येईल."

मग तुम्ही हातोडी उलटी धरलीत आणि दांड्याने भिंत वाजवत गेलात. टण, टण, टण... आणि खिडकीखाली बद्द. तडा गेलेलं मडकं वाजतं ना, अगदी तसं. माझ्याही हातात हातोडी दिलीत, डोळे मिटून वाजवायला लावलंत. तिथला गिलावा विटेपासून सुटला होता आणि वरून साधी चीरही दिसत नव्हती! तुम्ही खडूने गोल काढलात. तोडायला लागल्यावर त्या तळहाताएवढ्या गोलाची परात झाली, ती गोष्ट वेगळी.

छिन्नी लावायच्या आधी तुम्ही नळापासून आणि बोर्डापासून सरळ वर-खाली खडूच्या रेघा मारून घेतल्यात. पाइप आणि वायर बहुतेक तशाच जातात, तिथे छिन्नी नाही. मेन स्विच बंद, वर टेस्टर लावून खात्री. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. पुट्टी ओली करून पत्तीने खरवडली की सालपटासारखी निघते, हे कळलं तेव्हा मजा वाटली. ऑइल पेंटने मात्र घाम काढला. खरवडून खरवडून हात दुखले, शेवटी तुम्ही दाखवल्याप्रमाणे बोट-दोन बोटं अंतरावर टोचे मारत बसले. देवी आलेल्या चेहऱ्यासारखी भिंत झाली. घरातले म्हणाले, होती ती बरी होती.

खड्डा भरताना विटा ब्रशने झाडून ओल्या केल्या, एकास चारचा माल, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग रेती, दोन थरांत लावला. सात दिवस पाणी मारलं आणि त्यानंतर तीन आठवडे नुसतं सुकू दिलं. ते तीन आठवडे मी तुमच्यावर मनातल्या मनात चिडले होते, हेही सांगून टाकते.

तुमची अॅल्युमिनियमची फंटी, म्हणजे भिंतीची सपाटी तपासायची ती लांब सरळ पट्टी, तुम्ही माझ्याकडे ठेवून गेलात, त्यासाठी तर खास आभार. भिंत सपाट आहे असं डोळे सांगत होते. दोन मीटरची फंटी टेकवली तर मधोमध खालून पेन्सिल आरपार गेली. पेन्सिल साधारण 7 मिलिमीटर जाडीची. तुम्ही म्हणाला होतात, 3 पर्यंत चालेल, त्यापुढचा खड्डा आधी भरून घ्या, टाइलखाली जास्तीचा अॅडेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार मसाला) कोंबून भिंत सरळ होत नाही. ओळंबा सोडला तर कोपराही झुकलेला निघाला. ओटा कलता आहे हे तर सांडलेलं पाणी रोज सांगत होतं, मलाच ऐकू येत नव्हतं. आता पहिली ओळ ओट्याच्या कडेवरून नाही, लेव्हलने ठोकलेल्या लाकडी पट्टीवरून सुरू होईल.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही. टाइल्स रात्रभर भिजत घालायला सांगितलं होतंत. अॅडेसिव्हच्या पिशवीवर कोरड्याच लावा असं छापलंय. फोनवर तुम्हाला ते वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही हसलात, "आमचा हात सिमेंटवर बसलेला, तिथं भिजवाव्याच लागतात. पिशवीवर लिहिलंय तसं करा." वीस-वीस वर्षं एकच काम करणारी माणसं इतक्या सहज असं म्हणत नाहीत, काका. निदान मला तरी भेटलेली नाहीत.

कालच प्रायमर मारला. स्विचबोर्डाचे लांब स्क्रूही आणून ठेवलेत, टाइलची जाडी वाढल्यावर जुने पुरणार नाहीत म्हणून. फंटी धुऊन दाराशी उभी केली आहे.

ती न्यायला याल तेव्हा एक काम आहे. खिडकीखालचा तो दुरुस्त केलेला भाग मला टण वाजतो, आमच्या ह्यांना बद्द. दोन दिवस घरात यावरून वाद चालू आहे. तुम्ही वाजवून सांगेपर्यंत पहिली टाइल लावत नाही.

तुमची,
शेजारच्या घरातली ताई