अथर्वची बॅग आणि तुझी मुग्धा

कराड,
१२ जून

प्रिय नंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. "मुग्धा माझ्याशी बोलतच नाही" हे वाक्य मी तीनदा वाचलं. नववीतली पोर दार लावून बसते, विचारलं तर "काही नाही" म्हणते आणि तू दाराबाहेर जेवणाचं ताट घेऊन उभी. नंदा, त्याच दाराबाहेर मी दोन वर्षं काढलीत, म्हणून लिहिते.

अथर्वचं सगळं मीच करत होते. दप्तर, डबा, प्रोजेक्टची शेवटच्या रात्रीची कापाकापी, क्लासच्या सरांना फोन. करत होते मायेनेच. पण एकदा भांडताना तो म्हणाला, "मला काहीच जमणार नाही असंच वाटतं ना तुला?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग गेल्या वर्षी मे महिन्यात मन घट्ट केलं आणि त्याला एकट्याला एसटीने चिपळूणला आजीकडे पाठवलं. पाटण, कोयनानगर, पुढे कुंभार्ली घाट. साडेदहाला फोन आला, "आई, कोयनानगरला खाली उतरलो होतो, गाडी गेली. बॅग आतच आहे." वडापाव घ्यायला गेला आणि रेंगाळला, चूक त्याचीच. हे गाडीची किल्ली घेऊन दारापर्यंत गेलेसुद्धा. माझ्याही पोटात गोळा आला होता. तरी मी विचारलं, "आता काय करावंसं वाटतं तुला?" बराच वेळ नुसता स्टँडवरचा गलका ऐकू येत होता. मग म्हणाला, "कंट्रोलरकाकांना विचारतो." त्या भल्या माणसाने तिकीट बघून चिपळूणला फोन लावला आणि पोराला पुढच्या गाडीत बसवलं. बॅग अथर्वने चिपळूणच्या स्टँडवर स्वतः ओळख पटवून घेतली.

रात्री फोनवर तो तासभर बोलत होता. घाटातलं धुकं, काकांनी विचारलेले प्रश्न, बॅगेतले आजीसाठीचे लाडू शाबूत कसे राहिले, सगळं. तेव्हा लक्षात आलं, तो बोलत नाही म्हणून मी रडत होते, पण त्याचं स्वतःचं असं सांगण्यासारखं काही मी त्याच्याकडे राहूच दिलं नव्हतं.

आता त्याचं बँकेत खातं काढलंय. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने खातं चालवता येतं. महिन्याचे पैसे एकदम देते. पहिल्या महिन्यात वीस तारखेलाच खडखडाट झाला. मी वरून दिले नाहीत, रागावलेही नाही. दहा दिवस तो क्लासला चालत गेला.

सगळंच सोडून द्यायचं, असं मात्र नाही. स्कूटर मागितली तेव्हा सरळ नाही म्हटलं. ५० सीसीच्या वरची स्कूटर चालवायचा परवाना अठराच्या आधी मिळत नाही, आणि पकडला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. कायदा त्याच्यासमोर वाचला, कारण सांगितलं. चिडला, दोन दिवस धुसफुसला. मी मागे हटले नाही. या वयात भावना उसळतात आणि आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. तोवर काही ठिकाणी आवर आपणच घालायचा.

मुग्धाला रविवारचा स्वयंपाक देऊन बघ. वरणाला फोडणी करपली तरी तू ओट्यापाशी जाऊ नकोस. जेवताना फक्त जेव, सूचना नकोत. पण तिची झोप, जेवण, मैत्रिणी हे सगळंच आठवडेच्या आठवडे तुटलं असेल, तर वयाचं आहे म्हणून सोडू नकोस. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, मराठीतही बोलता येतं. मोफत आहे. त्यात कमीपणा नाही गं.

आणि श्रावणात तिला इकडे पाठव. एकटीला. सांगलीहून पेठ नाक्यावरून थेट गाडी आहे. तिकीट तिलाच काढू दे. मी स्टँडवर घ्यायला येते, तू मात्र वाटेत एकदाच फोन करायचास.

तुझी,
शैला

ता. क. भाऊजींना नमस्कार सांग. गुडघ्याचं काय झालं ते कळव.