डग्गा हरवतो तो कानाच्या फटीतून

महोदय,

मी नौपाड्यात तबला शिकवतो. घरी रियाझाचं रेकॉर्डिंग ऐकून आलेली मुलं हमखास म्हणतात, "सर, डग्गा ऐकूच येत नाही." तबल्याच्या जोडीतला हा खर्जाचा डग्गा रेकॉर्डिंगमध्ये असतो, इअरफोन कानात नीट बसलेला नसतो. इअरफोन आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवा कोंडलेली राहिली तरच खालचे, साधारण २० ते २५० हर्ट्‌झचे आवाज भरीव पोचतात. बारीकशी फट पडली की तो दाब निसटतो, चाट, म्हणजे तबल्याच्या काठावरचा तीक्ष्ण आवाज, मात्र तशीच खणखणीत वाजते. माझ्या मोठ्या हेडफोनच्या गादीखाली चष्म्याची काडी येते, तेवढ्यानेही घुमारा जातो.

मग सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये लोक आवाज वाढवतात. त्याने सगळंच वाढतं, चाटही, आणि कानांवर अत्याचार होतो. तरुण मुलांचे कान असे जाताना बघवत नाही.

इअरफोनच्या खोक्यात त्याच्या टोकाला लावायच्या रबरी टोप्यांचे बहुधा तीन आकार येतात. माझ्या उजव्या कानाला मधली बसते, डाव्याला मोठी. हे कळायला मला दोन वर्षं लागली! इअरफोन विकताना दुकानदारांनी एवढं तरी सांगावं, आणि गिऱ्हाइकांनी त्या टोप्या फेकण्याआधी दोन्ही कानांत घालून बघाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक तबलाशिक्षक, नौपाडा, ठाणे