तिसाव्या दिवसाच्या फोनबद्दल

ताई,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई.

न्यू जर्सीतल्या हॉस्पिटलात माझा गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन कमी करायला जठर लहान करून आतड्याला जोडायचं ऑपरेशन झालं, तेव्हा सर्जन, भूल देणारे डॉक्टर, सगळ्यांचे आभार मानून मी घरी आले. रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या तुम्ही माझ्या खिजगणतीतही नव्हतात. तिसाव्या दिवशी फोन आला. पलीकडून मिरजेकडचं मराठी ऐकून आनंद झाला आणि मी लगेच खोटं बोलले, "सगळं छान आहे हो." आपल्यात तब्येत विचारली की हेच सांगायचं असतं.

तुम्ही फोन ठेवला नाहीत. सकाळपासून पाणी किती प्यायलात? लघवीला किती वेळा गेलात? मुगाचं कढण पोटात टिकतं का? टिकत नव्हतं. आठवडाभर घोटभर पाणीही उलटून पडत होतं आणि ऑपरेशननंतर एवढं चालायचंच, असं मी धरून बसले होते. तुमचं काम नोंदींचं, उपचारांचं नाही. म्हणून "थांबा" म्हणत तुम्ही फोन थेट कोऑर्डिनेटरच्या हातात दिलात. दुपारी सलाईन लागलं. त्याआधी थायामिन, म्हणजे बी-वन. इतक्या उलट्यांनंतर ते न देता आधी ग्लुकोज दिलं तर मेंदूवर बेतू शकतं, हे मला तिथे कळलं. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून जठर आणि आतड्याचा आक्रसलेला जोड फुग्याने रुंद केला.

"हे लिहू नका, तुमच्याच हॉस्पिटलचं नाव खराब होईल," असं मी नंतर म्हटलं, तर तुम्ही हसलात. "मग वही ठेवायची कशाला?"

हॉस्पिटल निवडताना ह्यांनी एमबीएसएक्यूआयपीची, म्हणजे वजन कमी करायच्या (बॅरिअॅट्रिक) शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांना मिळणारी मान्यता बघितली होती. मला ते भिंतीवर टांगायचं प्रमाणपत्र वाटलं होतं. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स आणि बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनांची संघटना, दोघांच्या मान्यता द्यायच्या वेगवेगळ्या योजना होत्या. २०१२ मध्ये त्या एक होऊन ही योजना झाली. मोठ्या केंद्राला वर्षाला किमान ५० शस्त्रक्रिया लागतात वगैरे ठीक आहे. मला पटलं ते वेगळंच: नमुन्यादाखल चार रुग्ण चालत नाहीत, एकूण एक नोंदवावा लागतो. तीस दिवस, सहा महिने, वर्ष आणि मग दरवर्षी. त्याच आकड्यांवरून इतर हॉस्पिटलांशी तुलना होते. मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याने, या ऑपरेशनचे पैसे देण्यासाठीची मान्यतेची अट २०१३ मध्ये काढून टाकली, तरी तुमच्याकडे ही वही चालूच आहे. माझा जोड आक्रसला, हेही त्यात तुमच्याच हॉस्पिटलच्या खात्यावर चढलं.

मधल्या वर्षांत दोनदा नंबर बघून मी फोन कापला, त्याची माफी मागते. तुम्ही तिसऱ्यांदा केलात.

परवा चौथ्या वर्षाचा फोन आला. घरात पाहुणे होते, तरी बाल्कनीत जाऊन बोलले. वजन पाच किलो परत वाढलंय, हे या खेपेला तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकलं.

लिहिलंत ना?

तुमची,
फोन उचलणारी